आमची बुंदी म्हातारी झालीय

पहिल्यांदा बघितलं ते आप्पांनीच. मे महिन्यातली दुपार, वळीव येऊन गेलेला, करंट गेलेला, मी खिडकीच्या उजेडात बसून एका इरकल साडीला फॉल लावत होते आणि आप्पा नेहमीसारखे बुंदीच्या, म्हणजे आमच्या गोल्डफिशच्या, टँकपुढं खुर्ची ओढून बसलेले. मधेच म्हणाले, "अगं, हिची खवलं बघ की. उसवल्यागत दिसालीत." मी उठून बघितलं तर मला काहीच दिसेना, नेहमीसारखीच वाटली. "समोरनं नाही, वरनं बघ." झाकण काढून वरनं बघितलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. दोन्ही कुशींची खवलं अंगापासनं सुटून उभी राहिलेली, सुरूच्या झाडाचं बोंड असतं ना वाळलेलं, तस्सं. आणि पोट डाव्या बाजूला जरा जास्तच फुगलेलं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. बेळगावच्या वडगावात ४० वर्षं माग चालवला त्यांनी, आधी हातमाग मग पॉवरलूम. तुटलेला एक धागा खोलीच्या ह्या टोकाला बसून त्या टोकाला ओळखायचे, तर खवलं सुटलेली त्यांना दिसणारच. आता डोळ्याचं ऑपरेशन झालंय तरी नजर तीच आहे.

बुंदी आमचा गोल्डफिश. २०१३ च्या गणपतीत आणलेली, लेक तेव्हा पहिलीत होती. केशरी, गोल, तुरुतुरु पळणारी, लाडवातनं सुटलेल्या बुंदीसारखी दिसली म्हणून लेकीनं नाव ठेवलं बुंदी. यंदाच्या गणपतीत १२ वर्षं झाली. लेक आता पुण्याला कॉलेजात आहे, रोज रात्री फोन करते आणि दुसरं वाक्य "बुंदी कशी आहे" हेच असतं. पहिलं "जेवलीस का".

खरं तर एकटी नव्हती आणली, तिघं आणले होते, आणि सगळे आणतात तसंच आम्हीही काचेच्या गोल भांड्यात ठेवले, खाली रंगीत खडे, वर एक प्लास्टिकची वेल. महिन्याभरात दोन गेले. तेव्हा वाटलं माशाचं असंच असतं, नाजूक जात. नाजूक वगैरे काही नाही, हे आता कळतं. गोल्डफिश म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्याच भाऊबंदातला, मूळचा चीनचा, हजार वर्षांपेक्षा जास्त काळ माणसांनी पाळलेला, आणि नीट ठेवला तर १०-१५ वर्षं सहज जगणारा. इंग्लंडमधला टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला, तो १९९९ ला गेला, म्हणजे ४३ वर्षं. आमच्या त्या दोघांना आमच्या भांड्यानं मारलं. मासा कल्ल्यांतनं अमोनिया सोडतो, शिवाय घाण करतो, आणि त्या तीन लिटर पाण्यात ते सगळं साठत जातं, म्हणजे स्वतःच्याच लघवीत ठेवल्यासारखं. बुंदी कशी वाचली देव जाणे. मग ह्यांनी दोन फुटी टँक आणला, साधारण ७० लिटरचा, आणि पुढं चार वर्षांनी तीन फुटी, दीडशे लिटरचा. आता हॉलमधली निम्मी भिंत तिचीच आहे.

एक सांगायचं राहिलं, बुंदी "ती" नाहीय. तीन-चार वर्षांची असताना थंडी सरता सरता तिच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांवर बारीक बारीक पांढरे ठिपके आले, मी घाबरून दुकानात गेले, त्यानं व्हाईट स्पॉट म्हणून निळं औषध दिलं, ते घातलं पण. सगळं पाणी निळं, फिल्टरचा स्पंज निळा, आणि ठिपके तस्सेच. नंतर समजलं की व्हाईट स्पॉट हा परजीवीचा रोग अंगभर कुठंही मीठ भुरभुरल्यासारखा दिसतो, आणि फक्त कल्ल्यांवर नि पुढच्या परांच्या कडेला ओळीत ठिपके आले तर ती नराची खूण असते, विणीच्या दिवसात येते नि आपोआप जाते. म्हणजे बुंदी नर आहे. पण १२ वर्षं "ती" म्हटलंय, आता आप्पा म्हणतात तसं, सवय मोडायची कशाला.

म्हातारपण हळूहळूच आलं. आधी रंग गेला. केशरी होती ती पिवळसर झाली, मग पोटाकडनं पांढरी, आता फक्त डोक्यावर आणि शेपटीच्या मुळाशी केशरी उरलाय, बाकी सगळी दुधासारखी. हा रोग नव्हे, कितीतरी गोल्डफिश वयाबरोबर पांढरे पडतात. मग उजव्या डोळ्यावर धुकं आलं, मोतीबिंदूसारखं. माशाला पापणी नसते, त्यामुळं ते धुकट बुबुळ सारखं दिसत राहतं आपल्याला, रात्री लाईट घालवेपर्यंत. शेपटीच्या कडा झिजल्या. आणि आधी दिवसभर टँकचे फेरे मारायची ती आता दुपारी खाली वाळूवर टेकून राहते, कल्ले हलत असतात नुसते.

हे सगळं मी धरून चालले होते. पण गेल्या एप्रिलमध्ये एक दिवस सकाळी उठून बघते तर पाण्यावर उलटी. पोट वर, पाठ खाली, शेपटी मारतेय जीव खाऊन आणि सरळ होता येत नाही, होतेय आणि परत फिरतेय. मी ओरडलेच. घरातले सगळे गोळा झाले.

ह्याचं कारण नीट सांगते, कारण ज्यांच्याकडं फुगीर अंगाचे गोल्डफिश आहेत त्या सगळ्यांना हे कधी ना कधी बघावं लागतं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, गोल्डफिशला तिचे दोन कप्पे, पुढचा आणि मागचा. त्या पिशवीतली हवा कमी-जास्त करून मासा पाण्यात पाहिजे तिथं तरंगतो. गोल्डफिशमध्ये ही पिशवी एका बारक्या नळीनं अन्ननलिकेला जोडलेली असते, म्हणजे वरवर तरंगणारे दाणे खाताना त्यानं हवा गिळली की पोटातही हवा जाते. त्यात बुंदीसारख्या फॅन्सी जातींचं अंग माणसांनीच पिढ्यानपिढ्या निवडून निवडून आखूड नि गोल केलेलं, आतला सगळा माल दाटीवाटीनं कोंबलेला. आतडं तटलं की पिशवीवर दाब, पिशवी दबली की तोल गेला. आणि गोल्डफिशला जठर असं नसतंच, खाल्लेलं सरळ आतड्यात, म्हणून एकदम भरपूर खाणं त्याला झेपत नाही. आम्ही तर दिवसातनं तीनदा घालत होतो. ती तोंड वर करून मागायची आणि आमच्यानं राहवायचं नाही.

तीन दिवस उपाशी ठेवली. आप्पांना हे अजिबात पटलं नाही, म्हाताऱ्या जिवाला उपाशी ठेवतात काय म्हणून दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मटारचा एक दाणा उकडून, साल काढून, नखानं चार तुकडे करून दिला. साल काढायचीच, ते महत्त्वाचं, ती पचत नाही. दोन दिवसांनी बुंदी सरळ झाली. मला वाटलं जिंकलो. तेव्हापासनं तरंगणारे दाणे बंद केले, बुडणारे आणले आणि तेही पाच मिनिटं पाण्यात भिजवून देते, म्हणजे जे फुगायचं ते पोटात जायच्या आधीच फुगतं.

आता चूक. ही माझीच, आणि ही लिहिताना अजून वाईट वाटतं. ती बरी झाल्याच्या आनंदात मी ठरवलं की आता टँक अगदी स्वच्छ करू, आजारी होती ना, घाण नको. सगळं पाणी काढलं, वाळू धुतली, काच घासली, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून काढला, पांढरा शुभ्र होईपर्यंत. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकलचं येतं, त्यात क्लोरीन असतंच, आपल्याला प्यायचं तर असायलाच हवं. पण त्या स्पंजात जी तपकिरी चिकट घाण दिसते ना, ती घाण नसते नुसती. अमोनिया खाऊन त्याचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट करणारे जिवाणू तिथंच राहतात. वर्षानुवर्षं जमलेलं ते सगळं मी दहा मिनिटांत क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन टाकलं. स्पंज धुवायचा तर टँकमधनंच काढलेल्या पाण्यात नुसता हलवायचा, आणि पाणी एका वेळी पाव भागच बदलायचं. हे मला माहीत होतं! वाचलेलं होतं. हात चालत होते आणि डोकं कुठं होतं कोण जाणे.

चार दिवसांत ती पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून भप भप करायला लागली. अमोनियाचं टेस्ट किट मागवलं, नळीत थेंब टाकले तर पिवळं राहायचं पाणी गर्द हिरवं. त्यात एप्रिलचा शेवट, पाणी ३१ डिग्री. बेळगाव ७५० मीटर उंचीवर, इथं थंड असतं असं बाहेरच्यांना वाटतं आणि बाकी वर्षभर ते खरंही आहे, पण एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालचं घर तापतं ते तापतंच. पाणी गरम झालं की अमोनिया जास्त जहरी होतो आणि प्राणवायू कमी विरघळतो, २० डिग्रीच्या मानानं ३० डिग्रीला जवळजवळ सहावा हिस्सा कमी. म्हणजे दोन्हीकडनं मार. मग रोज पाव पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं नि अँटिक्लोरीनचे थेंब घातलेलं, लिटरला एक ग्रॅम खडेमीठ वेगळं विरघळवून घातलं, खाणं जवळजवळ बंद. आप्पांनी टेबलफॅन टँकच्या पाण्यावर लावला, माठ गार होतो तसं हेही होईल म्हणाले, आणि खरंच ३१ चं २८ वर आलं. करंट जायचा तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप. ह्यांनी रात्री दोनदा उठून बघायचं, मी पहाटे.

तीन आठवडे गेले त्यात. आणि त्यातनं जरा वर येतोय तोवर ती मे मधली दुपार. खवलं.

ह्याला ड्रॉप्सी म्हणतात, आणि हा एक रोग नव्हे, आतलं काहीतरी बिघडल्याची खूण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळं कल्ल्यांतनं आणि कातडीतनं पाणी सारखं आत शिरत राहतं. मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, ते आपसूक आत येतं, आणि मूत्रपिंड ते सारखं बाहेर फेकत राहतं. दिवसरात्र. ते मूत्रपिंड थकलं की पाणी आतच साठतं, पोट फुगतं, खवलांखाली पाणी भरतं आणि ती उभी राहतात. जंतूंनी होतं, म्हातारपणानं होतं, गाठीनं होतं, आणि खराब पाण्याचा ताण बसला की जास्तच. त्या शेवटच्या वाक्यापाशी मी कितीदा अडकले असेन.

डॉक्टरकडं नेलं. बादलीला झाकण लावून, रिक्षानं. गुरांचा दवाखाना, समोर एक म्हैस बांधलेली, दोन कुत्री, एक शेळी आणि आमची बादली. लोक डोकावून बघत होते, एकानं विचारलंही "कितीला घेतलेला मासा?" म्हटलं ४० रुपयांना. तो पुढं काही बोलला नाही पण तोंडावर दिसलंच. डॉक्टर मात्र फार चांगले. आधी स्पष्ट सांगितलं, बाई, मी माशाचा डॉक्टर नव्हे. पण हाकलून नाही दिलं. मंगळूरच्या फिशरीज कॉलेजात शिकलेला एक मित्र होता त्यांचा, त्याला तिथंच व्हिडिओ कॉल लावला, मी पाण्यात फोन जवळजवळ बुडवूनच दाखवली बुंदी. ते कन्नडमध्ये बोलत होते दोघं, मला निम्मं कळत होतं, "वयस्सु" ऐकलं आणि "किडनी" ऐकलं.

त्यांनी सांगितलं ते असं. वयानुसार मूत्रपिंड सुजलेलं असावं, आत गाठही असू शकते, बरं होईल असं नाही, पण आराम पडू शकतो. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, वीस लिटरला पाव चहाचा चमचा, विरघळवून, सुजेतलं पाणी बाहेर काढायला. दवाखान्यातनं निघाल्यावर मी सरळ कृषी सेवा केंद्रात जाणार होते, कारण उसाला नि द्राक्षाला घालायला तिथं हेच पोत्यानं मिळतं, पण त्यांनी बजावलं की ते नको, मेडिकलमधलंच घ्या. शिवाय जंतूंचं असलं तर म्हणून एक औषध लिहून दिलं, ते दाण्यात भिजवून १० दिवस. पाण्यात ओतायचं नाही, फिल्टरचे जिवाणू परत मरतील. फी घेतली नाही. म्हशीच्या मालकानं बादली रिक्षापर्यंत आणून दिली, हेही लिहून ठेवते.

आठवड्याभरानं खवलं हळूहळू बसायला लागली. पहिल्यांदा आप्पांनाच दिसलं, "बसालीत गं, बसालीत." पूर्ण नाही बसली. डावी कूस अजून फुगलेलीच आहे, तिथं हात लावला तर, खरं तर लावायचा नाही पण एकदा पाणी बदलताना लागला, कडक गोळा लागतो आत, चिंचोक्याएवढा. तो जाणार नाही. डॉक्टरांच्या मित्रानं नंतर फोनवर फोटो बघून तेच सांगितलं.

तर आता टँक पूर्वीसारखा नाहीय. पाणी निम्म्यावर आणलंय, नऊ इंच, म्हणजे वर यायला तिला कमी कष्ट. पाणी कमी म्हणून बदलायचं मात्र जास्त, आठवड्यातनं दोनदा. फिल्टरच्या तोंडावर स्पंज बांधलाय, आधी त्या धारेत ती मजेत पोहायची, आता ढकलली जाते. खडे सगळे काढून बारीक वाळू ठेवली कारण खाली टेकून बसते तिथं पोटाला लाल चट्टा पडला होता, माणसाला अंथरुणात पडून पाठ सोलते तसा. तो भरला. रात्री कधी कधी ती अजून कलते, एका कुशीवर तरंगते, आणि सकाळी स्वतःची स्वतः सरळ होते.

खाणं हातानं. उजव्या डोळ्यानं दिसत नाही म्हणून दाणा समोर पडला तरी चुकवायची, आणि चुकलेला दाणा खाली कुजून पाणी बिघडवायचा. मग आप्पांनीच शोधून काढलं. डाव्या कोपऱ्यात पाण्यात बोट बुडवून हळूच दोनदा हलवायचं, बस. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूला एक रेष असते, तिच्यानं त्याला पाण्यातली हालचाल कळते, दिसायची गरज नाही. खालनं ती उठते, जरा डगमगते, आणि सरळ बोटापाशी येऊन तोंड लावते. दात नसतात पुढं, घशात असतात, त्यामुळं बोटाला नुसती ओली चिमट. आप्पा पाच वाजता चहा झाला की बोट धुऊन येतात, साबण न लावता, हे त्यांचं पक्कं. मी शेजारी भिजवलेले दाणे घेऊन उभी. सहा दाणे, कधी सात.

एक गोष्ट लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. जुलैत एकदा ती चार दिवस उठलीच नाही खालनं, तेव्हा लेक फोनवर म्हणाली, "आई, तिला त्रास होत असेल तर आपण धरून ठेवायला नको." माझ्यापेक्षा समजूतदार झालीय पोरगी. मी डॉक्टरांच्या त्या मित्राला विचारलं. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्यानं मासा आधी गुंगतो आणि मात्रा वाढवत नेली की झोपेतच जातो, कसं करायचं ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. फ्लश करणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, हे असलं काही कधीच करायचं नाही म्हणाले. मेडिकलमधनं बाटली आणली. दाढदुखीला वापरतात तीच, एवढीशी. देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलीय. आप्पांना दाखवली. त्यांनी हातात घेऊन चष्म्याजवळ नेऊन वाचली, परत दिली, आणि म्हणाले, "बोटाला यायची थांबली की मग बघू." तेवढंच ठरलंय आमचं.

पाचव्या दिवशी आली होती बोटाला.

परवा आमच्या पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, नवीन चार आण की, शंभर-दीडशेत येतात, ही गेली तरी टँक रिकामा दिसणार नाही. वाईट मनानं नव्हत्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही, कारण काय बोलायचं ते सुचलंच नाही तेव्हा. आता सुचतंय. लेक पहिल्यांदा शाळेत बक्षीस घेऊन आली ते तिनं आधी टँकला चिकटवून बुंदीला दाखवलं होतं. सासूबाई गेल्या त्या रात्री सगळं घर झोपल्यावर आप्पा एकटेच टँकपुढं बसले होते, लाईट फक्त टँकची, आणि ही काचेपाशी त्यांच्या तोंडासमोर, सकाळपर्यंत. लॉकडाऊनमध्ये माग बंद, शिवण बंद, हातात पैसा नाही, तेव्हाही हिचे दाणे संपू दिले नव्हते ह्यांनी. त्या बाईंना हे कुठं माहीत असणार.

आज सहा दाणे खाल्ले, सातवा तोंडात घेऊन परत सोडला. पाणी २४ डिग्री, अमोनिया शून्य, खवलं काल होती तेवढीच. आप्पांनी सोडलेला दाणा जाळीनं काढला. नळाला पाणी आलंय, उद्याच्या तिच्या दोन बादल्या आधी भरून ठेवते, मग बाकीचं.